रिकामी चिमूट

आत्ती, काल तुझा तेरावा झाला आणि आज सकाळी शालनकाकी टेप मागायला आली.

जेवणाची मोठी पातेली अजून दारात पालथी पडलेली. त्यांना वळसा घालून ती आत आली, चहा घेतला, तुझ्या फोटोकडं बघत बसली. मग म्हणाली, पुढच्या आठवड्यात घट बसणार, हौसाक्काच्या आवाजाची ती जुनी टेप तेवढी पायजे हुती. सीडी नको म्हणाली, टेपच. माझं तोंड बघून तिनं कप खाली ठेवला आणि संध्याकाळी येतो म्हणून गेली. तिच्या कपाळावर आता काही नसतं. काका जाऊन वर्ष व्हायचं आहे. ते तू बघितलंस. पण बायकांच्या मंडळाची ही अध्यक्षीण तुझ्यासारखी देवळाच्या उंबऱ्यात बसलेली बघायला मात्र तू थांबली नाहीस.

तेव्हापासून टेप पुढ्यात घेऊन बसले आहे. द्यावी की देऊ नये एवढाच प्रश्न आहे, आणि तो तुला विचारून उपयोग नाही. तू “दे की” म्हणणार. जन्मभर तू सगळ्यांना “दे की” म्हणत आलीस, आणि आपलं भांडण तिथंच तर होतं.

आबा म्हणत होते, पेपरात दोन ओळी देऊ या. मी नको म्हटलं. काय येणार त्यात? अमक्याची बहीण, तमकीची आत्या, आणि सगळ्यांच्या वर त्या माणसाचं नाव, ज्याच्याबरोबर तू धड दोन पावसाळेही काढले नाहीस. देवीच्या ओळी तू कशा म्हणायचीस ते त्यात आलं नसतं. तुझा हात आला नसता.

मी कॉलेजात गेले ती आपल्या घरातली पहिली. आबा उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर, आईचा अंगठा, तू चौथी पास. हे मी तेव्हा मिरवायची आणि आजही मिरवते, कुणाला लागायचं त्याला लागो. संस्कृत घेतलं ते भक्तीनं नाही, मार्क पडतात म्हणून. गल्लीतली पोरं तालमीच्या कट्ट्यावरनं “काय पंडितबाई” म्हणून हाका मारायची. तू मात्र पहिल्या दिवशी माझं पुस्तक हातात घेतलंस, वास घेतलास आणि म्हणालीस, ह्यात देवीचं कुठलं हाय ते म्हणून दाव.

त्यात नव्हतंच. मी लायब्ररीतनं दुसरं आणलं. दुपारची वेळ होती, तू गवारीच्या शिरा काढत बसली होतीस. मी एकेक ओळ म्हणायची आणि अर्थ सांगायचा. अर्थ सोपा होता. देवीला नमस्कार करायचा, पण डोंगरावर, सिंहावर बसलेल्या देवीला नव्हे. सगळ्या जिवांच्या आत जी जाणीव म्हणून आहे, तिला. झोप म्हणून आहे, तिला. सावली म्हणून, लाज म्हणून, दया म्हणून, आणि भूक म्हणून.

तुझा हात थांबला.

“भूक बी तीच?”

“तीच.”

“आणि माणूस चुकतंय, ते?”

मी पान उलटून बघितलं. चूक, भ्रम, तेसुद्धा होतं त्यात. म्हटलं, “ती पण तीच.”

“मग ऱ्हायलं काय गं?” म्हणून तू हसलीस आणि मला परत पहिल्यापासून म्हणायला लावलंस.

भुकेपाशी तू का थांबलीस ते मला नंतर कळलं, तेही आईकडनं. तुझा नवरा ट्रकसकट चंदगडच्या घाटात गेला, त्यानंतर पाऊस उघडेपर्यंत तू सासरच्या त्या घरात होतीस. तू जेवायला मागितलं नाहीस आणि त्यांनी विचारलं नाही. पाऊस उघडल्यावर त्यांनी तुला एस.टी.त बसवून दिलं, तेव्हा आबांना स्टँडवर तू पटकन ओळखू आली नाहीस. तू स्वतः ह्यातला एक शब्द कधी बोलली नाहीस. फक्त त्या ओळी म्हणताना भुकेच्या ओळीला तुझा आवाज किंचित खाली यायचा. दुसऱ्या कुणाला कळलं असेल असं मला वाटत नव्हतं. कळत होतं की नव्हतं, ते आता कोण जाणे.

गल्लीच्या टोकाच्या देवळात बायकांचं मंडळ नवरात्रात कुंकू वाहायचं. बाकी ठिकाणी देवीच्या नावांवर वाहतात, आपल्याकडं ह्या ओळींवर वाहायची पद्धत पडली, कारण त्या तुला पाठ होत्या आणि तुझ्यासारखं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. कुणाचा आवाज मधेच बसायचा, कुणी ओळच गाळायची. तू म्हणायला लागलीस की देवळाबाहेर भाजीचा गाडा थांबायचा. एक ओळ म्हणायची, थांबायचं, तेवढ्यात जाजमावर बसलेल्या बायकांनी पुढ्यातल्या ताम्हनात, देवीच्या टाकावर, चिमूटभर कुंकू सोडायचं, मग पुढची ओळ.

तू जाजमावर नव्हतीस. तू उंबऱ्यात, चौकटीला पाठ लावून बसलेली असायचीस. कुंकू तुझ्यापुढं नसायचं. शेवटी शालनकाकी करंडा घेऊन ओळीनं सगळ्यांना हळदीकुंकू लावत यायची. तुझ्या अलीकडची बाई झाली की करंडा उजव्या हातातनं डाव्या हातात घ्यायची, पदर सारखा केल्यासारखं करायची आणि वळायची. दर वर्षी. तो पदर सारखाच असायचा.

पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी परत येताना मी तुला रस्त्यात गाठलं. म्हटलं, सगळ्यांत तीच आहे म्हणून घसा कोरडा केलास, मग तुझ्यातली कुठं गेली?

“उंबऱ्यात बसलीया की,” तू म्हणालीस.

“आणि शालनकाकीच्या हातात कोण आहे, तुला ओलांडून जाणारी?”

“तीच.”

“मग जाब कुणाला विचारायचा?”

तू भराभर चालायला लागलीस. मी सोडलं नाही. मी म्हटलं, सगळ्यांत तीच, चुकीतसुद्धा तीच, म्हणजे कुणाचीच चूक नाही. उपाशी ठेवणाऱ्यातही ती आणि उपाशी मरणाऱ्यातही ती. हे काय तत्त्वज्ञान झालं? ही पळवाट आहे आत्ती. ज्यांना जाब द्यायचा नाही त्यांची सोय. तू एवढंच म्हणालीस की पोळ्या करायच्यात, पाय उचल.

हे भांडण आपण किती वर्षं केलं. मी नोकरीला लागले, शाळेत शिकवायला लागले, माझं लग्न झालं, मी माहेरी आले की चहाच्या कपाबरोबर ते निघायचं. तू हरत नव्हतीस आणि मला जिंकू देत नव्हतीस. एकदा मी अंबाबाईच्या देवळाबाहेरनं नवा करंडा आणला, ताज्या कुंकवाचा, आणि तुझ्यापुढं ठेवला. म्हटलं, इथं मंडळ नाही, कुणी नाही. घे चिमूट. तव्याला बोट लागल्यासारखा तू हात मागं घेतलास. मग सावकाश म्हणालीस, “माझ्या हातानं तू जिंकायला बगतीस. जिंक की. पर सोताच्या हातानं.”

करंडा मी पर्समध्ये टाकला. परत काढला तो वॉर्डात.

आता टेपचं.

कुणाच्या तरी नव्या बंगल्याची वास्तुशांत होती आणि मंडळाला बोलावणं होतं. घरच्या म्हातारीनं निरोप पाठवला, ओळी म्हणायला ती बाई नको, शुभकार्य आहे. शालनकाकी आपल्या दारात येऊन फरशीकडं बघत उभी राहिली. तिला ते वाक्य बोलता येईना. तूच बोललीस तिच्या वतीनं. “आवाजाला कुठं कुंकू लागतंय? घे की भरून.”

मी ओरडले. मी काय काय म्हणाले ते तुला माहीत आहे. आवाज पाहिजे आणि माणूस नको, असं करायला तुम्ही काय पोपट पाळलाय? शालनकाकी रडायला लागली आणि तू मला म्हणालीस, झालं तुझं? मग बटण दाब. लाल बटण आणि प्ले एकदम दाबावं लागायचं, ते तुम्हा दोघींना जमेना. आबांचा टेपरेकॉर्डर पिठाच्या डब्यावर ठेवला. आवाज येतो म्हणून पंखा बंद केला. घामानं तुझं पोलकं पाठीला चिकटलं. शालनकाकी बाहेर गल्लीत उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करत होती, तरी मधेच तालमीची पोरं फुटबॉलची मॅच जिंकून आली आणि हलगी टेपवर आली. शेजारच्या कुकरची शिट्टी आली. तू थांबली नाहीस.

आणि मी तुझा हात बघितला.

देवळात मी कधी जाजमावर बसले नव्हते, मागं भिंतीला टेकून उभी राहायची, तिथनं तुझा खांदा तेवढा दिसायचा, हात नाही. त्या दिवशी मी समोर होते. तू एक ओळ म्हणालीस आणि थांबलीस, बायकांना चिमूट सोडायला लागते तेवढी जागा ठेवलीस. त्या जागेत तुझी तीन बोटं मांडीवरनं उचलली, जुळली, जरा पुढं गेली आणि उघडली. त्यात काही नव्हतं. परत ओळ, परत बोटं. तुझे डोळे मिटलेले होते. भुकेच्या ओळीला आवाज खाली गेला, बोटं गेली, उघडली. मी डब्यापाशी बसून शेवटपर्यंत ते बघितलं. मला भांडायला येतं, तेवढंच येतं. तू करत होतीस त्याला काय म्हणतात ते माझ्या डिग्रीत नव्हतं.

म्हणजे टेपवर दोन गोष्टी आहेत. ओळी आहेत, त्या सगळ्यांना ऐकू येतात. आणि मधल्या रिकाम्या जागा आहेत. त्यात तुझा श्वास आहे, आणि माझ्यापुरता तुझा हात.

पुढं ती टेप पेठेतल्या आणि पेठेबाहेरच्या किती घरांत गेली. वास्तुशांत, बारसं, डोहाळजेवण. तू कुठंच गेली नाहीस. मग सीड्या आल्या. मंडळानं टेप कुठल्याशा स्टुडिओत देऊन सीडी करून आणली. त्यानं सगळं साफ केलं होतं. हलगी गेली, कुकर गेला, तुझा श्वास गेला, आणि प्रत्येक रिकाम्या जागेत देवळातल्या घंटेसारखी एक टिण् बसवली होती. तू आपल्या ओट्यावर बसून पूर्ण ऐकलीस. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते.

“आवाज माझाच हाय,” तू म्हणालीस. “पर मी मेलो की काय ह्यात?”

आबा हसले. तूही हसलीस. मी मूळ टेप शालनकाकीकडनं मागून घेतली आणि कपाटात ठेवली. ती ही.

तू मोरीत पडलीस त्या दिवशी मी शाळेत होते. मी पोचेपर्यंत तुला वॉर्डात घातलं होतं. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं तुझ्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितला, नखावर पेन दाबून बघितलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. मेंदूत रक्त साकळलंय, शुद्ध नाही, परत येईल असं धरून चालू नका. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात. मी मान हलवली.

मग भेटायच्या वेळात मी तुझ्याजवळ बसले असताना तुझा उजवा हात हलला. तीन बोटं चादरीवर जुळली, चादर चिमटीत घेतली, सोडली. परत घेतली, सोडली. मी नर्सला हाक मारली, नर्सनं डॉक्टरला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, असं होतं. शेवटाकडं पेशंट चादर चिवडतात. ते मुद्दाम करत नाहीत, त्याला काही अर्थ नसतो. तुम्ही आशा धरू नका.

तो खरं बोलत होता. मी शिकलेली बाई आहे, मला माहीत आहे तो खरं बोलत होता. मी अजूनही म्हणणार नाही की तुला काही कळत होतं.

तो गेल्यावर मी पर्समधनं करंडा काढला, झाकण उघडलं आणि तुझ्या बोटांखाली धरला.

बोटं जुळली. कुंकू घेतलं. जरा पुढं गेली आणि उघडली. पांढऱ्या चादरीवर लाल पडलं. परत. परत. मी करंडा धरून होते आणि माझ्या तोंडून ओळी यायला लागल्या. तुझ्यासारख्या नाही, घशातनं, पुटपुटत. एक ओळ, मग थांबायचं, तेवढ्यात चिमूट सुटायची, मग पुढची. जाणीव म्हणून आहे तिला. झोप म्हणून आहे तिला. भुकेपाशी आले आणि पुढची ओळ आठवेना. तुझी बोटं चालूच होती. नर्स आली, तिनं चादर बघितली आणि मला चांगली बोलली, अहो हे काय केलंत, आता ही धुवायची कुणी. मी म्हटलं मी धुते. आणि मी धुतली. डाग गेला नाही.

तू शुद्धीवर असतीस तर हात मागं घेतला असतास. ते माहीत होतं म्हणूनच मी शुद्ध नसताना धरला करंडा. मी तुझ्यावर जिंकले की तुझ्या हाताचा फायदा घेतला? रोज दोन्ही बाजूंनी भांडते आणि समोर कोणी नाही. आणि त्याहून वाईट एक आहे. डॉक्टर म्हणाला शुद्ध नाही. मग चिमूट घेत कोण होतं, आत्ती? तू जन्मभर सांगायचीस ती? मला ती नको आहे. मला तू पाहिजे होतीस. तुझी म्हणून असलेली, उठून मला “लई शिकलीस” म्हणणारी.

संध्याकाळ झाली. शालनकाकी येऊन गेली.

मी ठरवलं होतं नाही म्हणायचं. तोंडावर सांगायचं की तुम्हाला ओळी पाहिजेत, त्या सीडीवर आहेत. मधल्या जागा माझ्या आहेत. ती आली, ह्या वेळी आत आली नाही, उंबऱ्यात बसली. मी म्हटलं, काकी, तुम्हाला माहीत आहे का त्या मधल्या जागांत काय आहे? आणि मी तुझ्या हाताचं सांगितलं. सुनावायचंच होतं मला तिला.

ती म्हणाली, “ते आम्हास्नी सांगतीस व्हय पोरी? तिच्या हाताकडं बघूनच तर आम्ही चिमूट सोडत हुतो.”

मला आधी कळलंच नाही. मग तिनं नीट सांगितलं. कधी सोडायची कुंकवाची चिमूट, ते कुणालाच धड कळायचं नाही. सगळ्या उंबऱ्याकडं बघायच्या. तुझी बोटं उघडली की सगळ्यांची उघडायची. टेप लावल्यावर हात दिसेना, कुणाचं आधी, कुणाचं नंतर, नुसता गोंधळ. म्हणून स्टुडिओवाल्याला सांगून घंटा घालून घेतली, तुझ्या हाताच्या जागी.

“सगळ्यांना दिसत होतं?”

“सगळ्यास्नी.”

“मग एकदा तरी करंडा तिच्याकडं का सरकवला नाही?”

“तिनं मागितला न्हाई.”

“तुम्ही दिला नाही.”

“व्हय,” म्हणाली. “दिला न्हाई.”

मग म्हणाली, ह्या वर्षी उंबऱ्यात मी. एकटी. सीडीत हौसाक्का श्वास घेत न्हाय. शेजारी श्वास तरी असंल म्हणून टेप मागतोय, दुसरं काय न्हाय.

मी आत जाऊन टेप आणली. आणि करंडाही आणला, तोच, तुझ्या बोटांनी अर्धा उपसलेला. तिच्यापुढं उघडून धरला. म्हटलं, घ्या चिमूट. तिनं हात मागं घेतला. तव्याला बोट लागल्यासारखा, आत्ती, अगदी तुझ्यासारखा. “नगं गं पोरी,” म्हणाली आणि पदर सारखा केला.

टेप दिली मी. पिशवीत घालून ती भिंतीच्या कडेकडेनं गेली.

आपलं भांडण मिटलेलं नाही. सगळ्यांत तीच असेल तर जाब कुणाला विचारायचा, ह्याचं उत्तर तू दिलं नाहीस आणि आता देणार नाहीस. तू कधी मागितलं नाहीस हा तुझा गुन्हा नव्हता, एवढं मात्र मला आज कळलं, आणि ते मी तुझ्या देवीलासुद्धा तोंडावर सांगेन.

पुढच्या आठवड्यात घट बसतील. मी आजवर त्या देवळात कधी बसले नाही. ह्या वर्षी बसणार आहे, जाजमावर नाही, उंबऱ्यात, शालनकाकीच्या शेजारी, तुझ्या जागेवर. टेप लागेल, हलगी वाजेल, कुकर वाजेल, तू एक ओळ म्हणशील आणि थांबशील. करंडा आम्हा दोघींच्या मधे उघडा असेल. ती हात घालेल की मागं घेईल, मला माहीत नाही. दर ओळीला तो मी तिच्याकडं सरकवणार आहे. तिनं मागायची वाट बघणार नाही.